काउंटर-स्ट्राइकमधील दूरवेधी बंदूक : नवख्या नेमबाजाने आरंभ कसा करावा?

दुर्बिणीच्या वर्तुळात प्रतिस्पर्धी दिसतो आणि भिंतीआड नाहीसा होतो, या दोहोंमध्ये पुरता अर्धा सेकंदही नसतो. तेवढ्यात गोळी सुटली पाहिजे आणि ती लागलीही पाहिजे. काउंटर-स्ट्राइक या संगणकीय खेळात स्नायपरची, म्हणजे दूरवेधी नेमबाजाची, भूमिका तरुणांना भुलवते ती या क्षणामुळे. चित्रफितींत दिसणारे विजेसारखे हात पाहून नवखा खेळाडूही तीच बंदूक विकत घेतो. चारदोन फेऱ्यांतच ती बंदूक शत्रूच्या हाती गेलेली असते आणि सहकाऱ्यांचा रोष पदरी पडलेला असतो. दोष बहुधा बोटांच्या मंदपणाचा नसतो. या खेळातील नेमबाजी गोळी सुटण्याआधीच बरीचशी ठरलेली असते. कोठे उभे राहिलो, दुर्बीण कोठे रोखली आणि निसटण्याची वाट ठेवली की नाही, यांवर ती अवलंबून असते. ही पूर्वतयारी नवख्याने कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

खेळाचे स्वरूप

काउंटर-स्ट्राइकचा जन्म १९९९ मध्ये झाला. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघा हौशी तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या गाजलेल्या खेळात फेरफार करून तो तयार केला. पुढे व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने तो आपल्याकडे घेऊन २००० मध्ये बाजारात आणला. ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली, तर सप्टेंबर २०२३ पासून ‘काउंटर-स्ट्राइक २’ ही सध्याची आवृत्ती प्रचारात आहे. स्टीम या व्यासपीठावरून ती विनामूल्य उतरवून घेता येते.

पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर असतात. दहशतवाद्यांच्या बाजूने खेळणाऱ्यांनी नकाशावरील ‘ए’ किंवा ‘बी’ या जागी बॉम्ब पेरायचा असतो आणि दुसऱ्या संघाने तो रोखायचा किंवा निकामी करायचा असतो. एका फेरीला १ मिनिट ५५ सेकंद मिळतात. बॉम्ब पेरल्यावर ४० सेकंदांनी तो फुटतो. तो निकामी करण्यास १० सेकंद लागतात, मात्र त्यासाठीचे साहित्य जवळ असल्यास ५ सेकंद पुरतात. स्पर्धात्मक सामन्यात बारा फेऱ्यांनंतर बाजू बदलतात आणि जो संघ आधी १३ फेऱ्या जिंकतो तो विजयी ठरतो. मेलेला खेळाडू पुढची फेरी सुरू होईपर्यंत केवळ प्रेक्षक असतो. एका चुकीची शिक्षा अशी लगेच आणि पुरती भोगावी लागते, म्हणूनच या खेळात एकेका गोळीला मोल आहे.

यंत्रसामग्रीची पूर्वतयारी

खेळासाठी संगणकात सुमारे ८५ जीबी मोकळी जागा आणि किमान ८ जीबी रॅम हवी. जुन्या यंत्रावर चित्राची सुबकता कमी ठेवावी, परंतु पडद्यावरील हालचाल अडखळू देऊ नये. नेमबाजाला देखण्या दृश्यापेक्षा अखंड दृश्य अधिक उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट जोडणीची. व्हॉल्व्हचे भारतातील सर्व्हर मुंबई आणि चेन्नई येथे आहेत. गोव्यातील खेळाडूला मुंबई जवळची असल्याने सामान्यतः विलंब कमी राहतो. खेळाच्या सेटिंगमध्ये विलंबाची कमाल मर्यादा ठरवून देता येते. ती कमी ठेवली, तर सिंगापूर किंवा दुबईच्या दूरच्या सर्व्हरवर ढकलले जाण्याचा प्रसंग टळतो. शक्य असेल तेथे वायफायऐवजी तारेची जोडणी वापरावी. सरासरी विलंबापेक्षा मध्येच येणारा झटका नेमबाजाला अधिक घातक ठरतो, आणि भिंतीपलीकडच्या वायफायवर असे झटके हमखास येतात.

तिसरी गोष्ट माउसची. नवखे खेळाडू माउसचा वेग फार ठेवतात. मनगट किंचित हलले की दृष्टी भिंतीवरून छतावर जाते. अनुभवी खेळाडू याउलट वेग कमी ठेवतात आणि मोठ्या पॅडवर मनगटासह कोपरही हलवतात. माउसचा डीपीआय ४०० किंवा ८०० ठेवून खेळातील वेग कमी करत न्यावा. माउस पॅडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेल्यावर खेळातील पात्र साधारण अर्धे ते एक वर्तुळ फिरावे, हा आरंभासाठी चांगला अंदाज आहे. दुर्बिणीतून पाहतानाचा वेग वेगळा ठरवण्याची सोय आहे, परंतु आरंभी मूळ १ हाच आकडा राहू द्यावा. एकदा ठरलेला वेग निदान महिनाभर बदलू नये, कारण दर आठवड्याला वेग बदलला तर हाताला सवय लागायला अवसरच मिळत नाही.

दोन बंदुका, दोन स्वभाव

दूरवेधी बंदुकांत नवख्याचा संबंध मुख्यतः दोघींशी येतो. पहिली एडब्ल्यूपी, खेळाडूंच्या बोलीत ‘ऑप’. अॅक्युरसी इंटरनॅशनल या ब्रिटिश कंपनीच्या रायफलींवर ती बेतलेली आहे. तिची किंमत ४७५० डॉलर. हे पैसे अर्थात खेळातले, खिशातले नव्हेत. डोके, छाती, पोट किंवा हात यांपैकी कोठेही एक गोळी लागली, तरी चिलखत घातलेला प्रतिस्पर्धीही जागीच पडतो. पायाला लागली तर मात्र तो जखमी होऊन वाचतो. या सामर्थ्याचे मोल ती अन्य प्रकारे वसूल करते. एका गोळीनंतर दुसरी सुटायला सुमारे दीड सेकंद लागतो. हाती चाकू असताना खेळाडू सेकंदाला २५० एकके धावतो. ऑप हाती घेतली की हा वेग २०० वर येतो आणि दुर्बीण लावताच १०० वर.

ही मर्यादा आपोआप आलेली नाही. २०१५ मध्ये निर्मात्यांनी दुर्बीण लावलेल्या अवस्थेतील वेग घटवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिच्या मॅगझिनमधील गोळ्या दहावरून पाचवर आणल्या. दोन्ही बदलांचा रोख एकच होता. ही बंदूक घेऊन मनमानी धावाधाव करता येऊ नये आणि चुकलेली गोळी महाग पडावी.

दुसरी एसएसजी ०८, बोलीभाषेत ‘स्काउट’. किंमत १७०० डॉलर, वेग २३०, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. डोक्यात लागलेली एक गोळी पुरते, परंतु छातीत लागल्यास दुसरी लागते. नवख्याने आरंभ स्काउटपासून करावा असे आम्हांस वाटते. ती स्वस्त आहे, चपळ आहे आणि डोक्याच्या उंचीवर नेम धरण्याची शिस्त लावते. तिच्यावर हात बसलेल्याला ऑप सोपी वाटते. ऑपपासून आरंभ करणाऱ्याला मात्र अंगावर कोठेही नेम धरण्याची सवय जडते आणि बंदूक बदलताच ती सवय आडवी येते.

आधी थांबावे, मग चाप ओढावा

या खेळाचा पहिला नियम असा की, धावत असताना झाडलेली दूरवेधी गोळी भरवशाने लागत नाही. दुर्बिणीतील आडव्या-उभ्या रेषा धूसर दिसत असतील तर आपण अजून हलत आहोत असे समजावे. रेषा स्पष्ट झाल्यावरच गोळी सरळ जाते.

कळ सोडली म्हणजे खेळाडू त्याच क्षणी थांबतो असे नाही. तो किंचित घसरत जातो. हे घसरणे मोडण्यासाठी विरुद्ध दिशेची कळ क्षणभर दाबावी लागते. उजवीकडे ‘डी’ कळीने जात असाल, तर ‘डी’ सोडून ‘ए’ला हलका स्पर्श करावा. पाऊल तेथेच रुतते आणि नेम खरा होतो. धावणे, थांबणे, दुर्बीण लावणे आणि चाप ओढणे ही चार कामे एका लयीत येऊ लागली की पाया घातला गेला असे समजावे.

दुर्बीण न लावता ऑप झाडणे हा जवळजवळ जुगार आहे, कारण पडद्यावर नेम धरण्याची खूणही नसते. दुर्बिणीच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली बहुतेक सर्व प्रसंगी पुरते. दुसरी फार दूरच्या आणि स्थिर लक्ष्यासाठीच वापरावी, कारण तिच्यात आजूबाजूचे काहीच दिसत नाही. गोळी सुटल्यावर अनुभवी खेळाडू क्षणभर चाकू हाती घेऊन पुन्हा बंदूक धरतात. त्यामुळे पुढची गोळी लवकर सुटत नाही, परंतु दुर्बीण आपोआप पुन्हा डोळ्याला लागत नाही आणि आडोशाला पळताना वेग परत मिळतो.

खऱ्या नेमबाजीशी तुलना केली तर फरक ध्यानात येतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे यांच्या खेळात लक्ष्य स्थिर असते आणि कसोटी श्वासाची व शरीराच्या तोलाची असते. काउंटर-स्ट्राइकमध्ये श्वासाचा संबंध नाही, वाऱ्याचा नाही आणि गोळी खाली झुकण्याचाही नाही. येथे लक्ष्य हलते आणि ते उलट गोळीही झाडते. म्हणून एकातील कौशल्य दुसऱ्यात जसेच्या तसे चालत नाही.

कोपऱ्याचे गणित

नवखा नेमबाज दुर्बिणीचा मध्य भिंतीच्या कडेला चिकटवून वाट पाहतो आणि शत्रू निघाला की गोळी त्याच्या पाठीमागून जाते. याचे कारण साध्या गणितात आहे. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद तरी लागतात. एके-४७ घेतलेला खेळाडू सेकंदाला २१५ एकके धावतो, म्हणजे ०.२ सेकंदांत तो ४३ एकके पुढे जातो. खेळातील शरीराची रुंदी ३२ एकके धरलेली आहे. तेव्हा मेंदूने आज्ञा देईपर्यंत पूर्ण देह त्या रेषेतून पार झालेला असतो. यावर उपाय म्हणजे भिंतीच्या कडेपासून साधारण दीड देहाचे अंतर सोडून मोकळ्या जागेवर नेम धरावा आणि शत्रूला त्यात येऊ द्यावे. तो हळूहळू डोकावणारा असेल तर अंतर कमी ठेवावे, धावत निघणारा असेल तर अधिक.

दुसरे तत्त्व अंतराचे. एकाच कोपऱ्याच्या दोन बाजूंना दोघे असतील, तर कोपऱ्यापासून दूर असलेल्याला जवळचा आधी दिसतो. म्हणून भिंतीला खेटून डोकावू नये. चार पावले मागे सरून पाहावे.

तिसरे तत्त्व जोडणीचे. बाहेर पडणारा खेळाडू आपल्या पडद्यावर दबा धरून बसलेल्याला किंचित आधी पाहतो, कारण त्याच्या हालचालीची वार्ता सर्व्हरमार्गे दुसऱ्याकडे पोहोचायला थोडा वेळ जातो. त्यामुळे एकाच जागी ठाण मांडणारा नेमबाज मुळातच थोड्या तोट्यात असतो. हा तोटा भरून काढण्याचा मार्ग म्हणजे शत्रूला आपली जागा ठाऊक नसणे. लागो वा चुको, गोळी झाडल्यानंतर जागा बदलावी. ऑपचा आवाज साऱ्या नकाशाला ऐकू जातो. त्याच खिडकीत दुसऱ्यांदा डोकावणे म्हणजे नेम धरून बसलेल्या शत्रूपुढे आपणहून उभे राहणे होय.

‘डस्ट २’ हा डेव्ह जॉन्स्टन यांनी रचलेला आणि २००१ पासून खेळला जाणारा नकाशा हे शिकण्यास उत्तम. तेथे दहशतवाद्यांच्या आरंभस्थानाकडून मधल्या दारांच्या फटीतून सरळ पलीकडे दिसते आणि ‘बी’कडे धावणारा प्रतिपक्ष क्षणभर त्या फटीत येतो. फट ठरलेली आणि वेळही जवळपास ठरलेली असल्याने आरंभी नेमाच्या सरावाला हीच जागा निवडावी. ‘मिराज’ नकाशावर मधल्या भागावर नजर ठेवणारी खिडकी आहे. तेथून पाहणे, एक गोळी झाडणे आणि मागे सरणे याचा धडा गिरवता येतो. आरंभी हे दोनच नकाशे पक्के करावेत.

थैलीचा हिशेब

ऑप घेण्याचा निर्णय एकट्याचा नसतो, तो संघाच्या थैलीशी बांधलेला असतो. सामन्याच्या आरंभी प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात. फेरी जिंकल्यास ३२५० किंवा त्याहून थोडे अधिक मिळतात. हरल्यास कमी मिळतात, पण ओळीने हरत गेल्यास ही भरपाई वाढत ३४०० पर्यंत जाते. ऑप आणि चिलखत-शिरस्त्राण मिळून ५७५० डॉलर होतात. धुराचे व डोळे दिपवणारे गोळे त्याहून वेगळे. एके-४७ अवघ्या २७०० मध्ये मिळते. शिवाय नेहमीच्या रायफलने एक बळी घेतल्यास ३०० डॉलर मिळतात, ऑपने घेतल्यास केवळ १००.

याचा अर्थ सरळ आहे. ऑप घेऊन पहिल्या दहा सेकंदांत मेलेला खेळाडू आपली फेरी तर गमावतोच, वर शत्रूला ४७५० डॉलरची भेट देतो, कारण पडलेली बंदूक कोणीही उचलू शकतो. म्हणून काही मर्यादा पाळाव्यात. ऑपनंतर चिलखतास पैसे उरत नसतील तर ती घेऊ नये. संघातील एकाकडे आधीच असेल तर दुसरी बहुधा नको. फेरी हातची गेली आणि आपण एकटेच उरलो असलो, तर वीरश्री बाजूला ठेवून आडोशाला जावे आणि बंदूक पुढच्या फेरीसाठी वाचवावी. अशा माघारीचा सहकाऱ्यांना राग येत नाही. उलट पुढच्या फेरीत संघ पूर्ण शस्त्रसज्ज उभा राहिला, तर त्याचे श्रेय या माघारीला असते.

सरावाचा क्रम

थेट स्पर्धात्मक सामन्यात उडी घेऊ नये. प्रथम सर्व्हरशी न जोडता, संगणकाच्या बॉट खेळाडूंसोबत एकेका नकाशावर फिरावे आणि वाटा पाठ कराव्यात. नंतर स्टीमच्या वर्कशॉप विभागातील नेमाच्या सरावाचे नकाशे घ्यावेत. तेथे स्थिर लक्ष्यापासून आरंभ करून हलत्या लक्ष्याकडे जावे. तिसरी पायरी ‘डेथमॅच’ या प्रकाराची. तेथे बंदूक फुकट मिळते, मेल्यावर लगेच पुन्हा उभे राहता येते आणि हरण्याचे ओझे नसते. येथे गुण मोजू नयेत. प्रत्येक गोळीपूर्वी आपण पूर्ण थांबलो होतो का, एवढेच मोजावे. चौथ्या पायरीवर स्पर्धात्मक सामने आणि सामन्यानंतर आपल्या मरणांची ध्वनिचित्रफीत. दहा मरणांची कारणे वहीत लिहून काढली, तर त्यांतील बहुतेक एका-दोन सवयींची आहेत असे दिसून येईल. कोणी गोळी चुकल्यावर तेथेच उभा राहतो, कोणी एकाच जागी पुन्हा डोकावतो.

सरावाची बैठक छोटी असावी. अर्धा तास एकाग्रतेने केलेला सराव तीन तासांच्या वैतागलेल्या खेळापेक्षा अधिक शिकवतो. ओळीने दोन सामने हरल्यास उठावे. राग चढला की हात घाईने चाप ओढतो आणि स्नायपरला तर घाई सर्वाधिक नडते.

नामवंतांचे खेळ अवश्य पाहावेत, पण बेताने. युक्रेनचा ‘सिंपल’ आणि फ्रान्सचा ‘झायवू’ या टोपणनावांचे खेळाडू ऑपचे आदर्श मानले जातात. २०१६ मध्ये कोलंबस येथील मेजर स्पर्धेत ब्राझीलच्या ‘कोल्डझेरा’ने मिराजवर उडी मारत ऑपने घेतलेले बळी इतके गाजले की निर्मात्यांनी त्या जागी भिंतीवर स्मरणचित्र काढले. नवख्याने त्यापासून घ्यायचा बोध मात्र उलटा आहे. रोज साधणाऱ्या गोष्टीची चित्रे भिंतीवर काढली जात नाहीत. सामने पाहताना उडीपेक्षा हे खेळाडू गोळी न झाडता किती वेळ काढतात आणि कोणत्या क्षणी मागे सरतात, याकडे लक्ष द्यावे.

पैसा, वय आणि मर्यादा

खेळ विनामूल्य असला तरी खर्चाच्या वाटा आहेत. ‘प्राइम’ दर्जा एकदाच पैसे भरून मिळतो. अधिक मोहाची गोष्ट म्हणजे बंदुकीवरील रंगकाम, ज्याला ‘स्किन’ म्हणतात. त्याने बंदुकीचा मारा यत्किंचितही वाढत नाही. पेटी विकत उघडून आत काय निघेल याची वाट पाहणे हा नशिबाचा खेळ आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांत अशा पेट्या उघडण्यास २०१८ मध्ये अटकाव झाला. स्किनांना गुंतवणूक समजणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२५ ची आठवण ठेवावी. निर्मात्यांनी अदलाबदलीचा एक नियम बदलला आणि महागड्या चाकूंचे भाव कोसळले.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय युवक व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाकडे दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली. स्किन पणाला लावून जुगार खेळवणाऱ्या परक्या संकेतस्थळांपासून दूर राहणेच शहाणपणाचे. नेम आपोआप लावून देणाऱ्या आज्ञावलींचेही तसेच. व्हॉल्व्हची दक्षता यंत्रणा अशी खाती पकडते आणि ती बंदी कायमची असते.

स्टीमवर खाते उघडण्यास वयाची १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. परंतु रक्तपात व हिंसेच्या चित्रणामुळे ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ला अमेरिकेत १७ वर्षांवरील, तर युरोपात १८ वर्षांवरील खेळाडूंसाठीचे मानांकन मिळाले होते. पालकांनी हा भेद लक्षात घ्यावा. मुलगा काय खेळतो हे विचारण्याबरोबरच तो कोणाशी बोलतो हेही पाहावे, कारण अनोळखी सहकाऱ्यांच्या तोंडची भाषा पुष्कळदा गोळ्यांहून अधिक जखमा करते. प्रत्येक खेळाडूचा आवाज बंद करण्याची सोय खेळात आहे आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

या भूमिकेत प्रगती झाल्याची खूण बळींच्या आकड्यात शोधू नये. गोळी चुकली, तरीही जिवंत माघारी येता आले आणि बंदूक संघासाठी राखता आली, असे ज्या दिवशी घडेल, त्या दिवशी आपण या खेळातील नेमबाज होऊ लागलो असे समजावे.